आधी बोलायची पाळी

पोकर शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी कोणता हात कोणाला भारी ते सांगतो. जोडी, तीन सारखे, रंग, फुल हाऊस. जागेबद्दल, म्हणजे बोलायची पाळी आधी येते की नंतर त्याबद्दल, कोणी अवाक्षर काढत नाही. आणि मग महिना-दोन महिने आपण चांगले पत्ते येऊनही का हरतो, याचा विचार करत बसतो.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पत्ते बंद. मग मधे सगळ्यांचे मिळून तीन पत्ते उघडे, तो फ्लॉप. नंतर एक टर्न, एक रिव्हर. दर टप्प्याला बोलीची एक फेरी. एक चकती प्रत्येक डावाला एक घर पुढं सरकते, तिला बटन म्हणतात. बटनच्या डावीकडचे दोघं पत्ते बघायच्या आधीच पैसे टाकतात, एक स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग ब्लाइंड. पहिल्या फेरीत हे दोघं शेवटी बोलतात. सगळ्यांचं ऐकून झालेलं असतं, थोडे पैसे आधीच आत पडलेले असतात, त्यामुळं डावात शिरणं स्वस्त पडतं. तीन पत्ते उघडले की पाळी उलटते. आता तेच दोघं सगळ्यांच्या आधी बोलणार, आणि बटनवाला शेवटी. रिव्हरपर्यंत हा क्रम बदलत नाही. म्हणजे आत घेताना सवलत, आणि वसुली नंतर, दर फेरीला.

आमचा खेळ आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, चालतो. रब्बीत शेतीची लाइट कधी दिवसाच्या पाळीत, कधी रात्रीच्या. रात्रपाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला कोणीतरी मुक्कामी लागतंच. स्प्रिंकलर एका पट्ट्यात लावलं की दोन-तीन तास पाइप उचलायचे नसतात. त्या मोकळ्या वेळात ताडपत्रीची चौघडी घालून, चार्जिंगच्या दिव्याखाली पत्ते. मी, दाजी (लातूरच्या बाजारात त्यांची आडत आहे), शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, जनावरांचे डॉक्टर, शेजारच्या आखाड्यावरचे दोघं, आणि सुट्टीला आला असेल तर पुतण्या. हा खेळ गावात आणला त्यानंच. पुण्यात इंजिनिअरिंग करताना तो मोबाइलवर शिकला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याच्या आधीची ही गोष्ट.

पैसे आम्ही लावत नाही. एक तर जुगाराचा कायदा १८८७ सालापासून आहे, आणि आमच्याकडच्या पेपरात आठवड्याला एक तरी बातमी असते की अमक्या शिवारात तिर्रट खेळताना इतके जण पकडले, पत्ते, रोकड आणि मोटारसायकली जप्त. त्या बातमीत गुरुजींचं नाव यावं असं कोणालाच वाटत नाही. त्यामुळं चिंचोका एक, कवडी पाच, सागरगोटा पंचवीस. प्रत्येकानं दोनशेचा गल्ला घेऊन बसायचं. हरणारा पहाटेचा चहा करतो. पुतण्या म्हणतो, चिंचोक्यांवर पोकर खरा होत नाही. त्यानं गुरुजींना चिंचोके मोजताना बघायला पाहिजे. एकेक बोटानं सरकवतात, आणि जाताना पुन्हा एकदा मोजतात.

आता एक डाव सांगतो, म्हणजे वाईट जागेचा त्रास नेमका कुठं होतो ते कळेल.

ब्लाइंड एक आणि दोन. दाजी बटनवर, मी बिग ब्लाइंड. दाजींनी पाच केले. स्मॉल ब्लाइंडवर डॉक्टर होते, त्यांनी टाकून दिले. माझे दोन आधीच आत, मला आणखी तीन घालायचे. मधे आठ पडलेले. तीन घालून अकराचा पॉट (मधे पडलेला ढीग) बघायला मिळणार, म्हणजे शंभरात सत्तावीस वेळा जिंकलो तरी सौदा बरोबरीत. आणि सत्तावीस म्हणजे काहीच नाही. बेरंगी सत्ती-दुर्री हा खेळातला सगळ्यात भिकार समजला जाणारा हात, तोसुद्धा कोणत्याही दोन अनोळखी पत्त्यांविरुद्ध शंभरात साधारण पस्तीस वेळा जिंकतो. नवशिक्यांना हे गणित कळलं की बिग ब्लाइंडमधून ते काहीही धरायला लागतात. गणितात एक गोष्ट गृहीत असते, की पाचही पत्ते उघडेपर्यंत कोणी तुम्हाला उठवणार नाही. उठवतात. आधी बोलणाऱ्याला तर हमखास उठवतात. कागदावरचे पस्तीस हातात येईपर्यंत कितीतरी कमी झालेले असतात.

माझ्याकडं मात्र इस्पिकचा राजा आणि इस्पिकची नव्वी होती. धरण्यासारखाच हात. फ्लॉप आला चौकटचा राजा, किलवरची अठ्ठी, बदामची तिर्री. राजाची जोडी लागली. मी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढं दिली. दाजींनी चार लावले, मी चार घातले. पॉट एकोणीस. टर्नला किलवरची दुर्री. मी पुन्हा चेक. दाजींनी तेरा लावले. मी घातले. पॉट पंचेचाळीस. रिव्हरला इस्पिकची राणी. मी चेक. दाजींनी दिव्याची काच उगाच पुसली आणि एक सागरगोटा आणि एक कवडी पुढं ढकलली. तीस.

तीस घालून एकशेपाच मिळणार. दाजी शंभरात एकोणतीस वेळा थापा मारत असतील तर घालायचे, त्याहून कमी मारत असतील तर टाकायचे. गुरुजी म्हणाले, "काय इचार करूलालास? राजा हाय ना तुज्याकडं?" (गुरुजींना डावात नसताना बोलायची खोड आहे, आणि त्यांना गप्प बसवणार कोण?) दाजींकडं राजा-गुलाम असेल, राजा-राणी असेल, अठ्ठ्यांची जोडी असेल, किंवा एक्का-दश्शी घेऊन नुसतेच ढकलत आले असतील. तीन फेऱ्यांत ते तीनदा बोलले, पण दर वेळी माझं ऐकून घेऊन. मी तीनदा बोललो, दर वेळी काहीच न ऐकता. मी पत्ते टाकले. दाजींनी आपले न दाखवता गड्डीत सरकवले, आणि मग पहाटेपर्यंत "सांगा की दाजी" चाललं. त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

हेच पत्ते असू द्या, फक्त जागा बदलून बघा. बटनवर मी. दाजी चेक करतात, मी फ्लॉपवर चार लावतो, ते घालतात. टर्नला ते चेक करतात, मीही चेक. पॉट एकोणीसवरच थांबला. रिव्हरला दाजींनी बारा-तेरा लावले तर घालून बघायचे, काही लावलं नाही तर फुकटात पत्ते उघडायचे. हात तोच, माणूस तोच, पण पॉट केवढा होऊ द्यायचा हे शेवटी बोलणारा ठरवतो. मधल्या प्रतीच्या हातांना तर हा हक्क सगळ्यात महत्त्वाचा. एक्क्यांची जोडी कुठूनही खेळता येते. राजा-नव्वीला जागा लागते.

आधी बोलणाऱ्याला एक मोह फार होतो. "हात कुठं हाय ते बगतो" म्हणून आपणच सहा लावायचे. डॉक्टर हे नेमानं करतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, माहिती विकत घेतल्यासारखं. पण सहा लावल्यावर दाजी काय करणार? अठ्ठी असेल, तिर्री असेल, नुसता एक्का असेल तर टाकून देतील. राजा-राणी असेल तर राहतील. म्हणजे मी ज्यांना हरवत होतो ते सगळे घरी गेले, आणि मला हरवणारे तेवढे समोर उरले. शिवाय थापा मारायची त्यांची संधी मीच काढून घेतली. माहिती मिळते, नाही असं नाही. पण ती मिळेपर्यंत तिचा उपयोग संपलेला असतो.

मग करायचं काय? पुतण्याचं उत्तर ऐकून मला सुरुवातीला हसू आलं होतं. बहुतेक वेळा चेक. पहिल्या फेरीत ज्यानं वाढवलं त्याच्यासमोर बिग ब्लाइंडनं जवळजवळ सगळाच हात चेक करायचा, चांगला आणि वाईट दोन्ही. कारण असं, की चांगला हात आला की मी आधी बोली लावतो आणि वाईट आला की चेक करतो, हे दाजींच्या एकदा लक्षात आलं की संपलं. माझा प्रत्येक चेक म्हणजे पांढरं निशाण. ते डोळे मिटून चार चिंचोके लावतील आणि पॉट ओढतील. त्या चेकमध्ये कधीमधी सत्त्यांची तिक्कल लपलेली असली पाहिजे, तेव्हाच चार लावताना त्यांचा हात जरा थबकेल.

तिक्कल तरी कितीदा लागते? हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा सारखा पत्ता येण्याचा योग साधारण साडेआठ वेळांत एकदा. नुसत्या तिकलांच्या जिवावर चेक करून वर वाढवायचं म्हटलं, तर शेजारच्या आखाड्यावरचे दोघंसुद्धा आठवड्यात ओळखतील. म्हणून तिच्या जोडीला अर्धवट हातही वाढवावे लागतात. चार बदाम झालेत आणि पाचवा हवा आहे, असे. न दिसलेल्या सत्तेचाळीस पत्त्यांत नऊ बदाम, म्हणजे पुढच्याच पत्त्याला एकोणीस टक्के, दोन्ही पत्ते मिळून पस्तीस. दाजींनी टाकून दिलं तर पॉट आपला. नाही टाकलं तरी तिनातून एकदा रंग लागतो. जागेनं जे हिरावून घेतलेलं असतं त्यातलं थोडं या एका चालीनं परत मिळतं, कारण चेक करून वाढवलं की घडीभर शेवटचा शब्द आपला होतो.

आधी बोलण्यातला तोटा गुरुजींना सांगावा लागला नाही. ते मेंढीकोटात मुरलेले. उतारी करणाऱ्याला अंदाजानं पत्ता टाकावा लागतो, आणि चौथा हात तिघांचं बघून निवांत दश्शी सोडतो, हे त्यांच्या हाडात आहे. त्यांना फक्त एवढंच पचायला जड गेलं, की मेंढीकोटात हात करणारा पुढची उतारी करतो, पाळी डावातल्या डावात फिरते. इथं डाव संपेपर्यंत हलत नाही. "हे तर शिक्षाच झाली की," असं ते म्हणाले होते. पण सगळ्यात कमी तक्रार तेच करतात. सगळ्यात जास्त चेकही तेच करतात.

फ्लॉप कसा आलाय यावरही बरंच अवलंबून. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० फ्लॉप होतात, ते कोणी पाठ करत नाही, पण जाती ओळखता येतात. एक्का-राजा वरती असलेला कोरडा फ्लॉप, म्हणजे ओळ किंवा रंग जमायला फारसा वाव नसलेला, हा वाढवणाऱ्याचा. मोठे पत्ते त्याच्याकडंच असणार, हे दोघांनाही माहीत असतं. तिथं तो काहीही घेऊन थोडे चिंचोके लावतो आणि आपण मुकाट्यानं बरेच हात सोडून द्यावेत. सत्ती-छक्की-पंजी असा ओळीतला छोटा फ्लॉप आला की चित्र फिरतं. असले बारके पत्ते सवलतीत धरणारा बिग ब्लाइंडच असतो. दोन जोड्या, सरळ ओळ त्याच्याकडं जास्त. तिथं वाढवायला भ्यायचं नाही. आणि फ्लॉपवर दोघांनीही चेक केलं तर टर्नला आधी बोलण्याची पाळी तेवढी वाईट राहत नाही. समोरच्यानं आपल्याकडं फारसं काही नाही हे कबूल केल्यासारखंच असतं.

राहिला प्रश्न फ्लॉपवरच आपण होऊन बोली लावायचा, म्हणजे वाढवणाऱ्याला बोलूच न देता. हिला पोकरच्या दुनियेत गाढवाची चाल समजतात आणि आमच्या ताडपत्रीवरही तेच मत होतं. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ ऐकावं लागलं. मग पुतण्यानं एका दिवाळीत बातमी आणली. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा प्रोग्राम केला होता. सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये (आम्ही खेळतो तोच पोकर, बोलीला मर्यादा नसलेला) त्यानं नावाजलेल्या व्यावसायिकांना हरवलं. आणि तो ही गाढवाची चाल त्या व्यावसायिकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा खेळत होता. हे ऐकून डॉक्टरांनी कवड्यांची मूठ भरून ताडपत्रीवर आपटली. त्या रात्री त्यांनी प्रत्येक फ्लॉपवर आधी बोली लावली आणि पहाटेचा चहाही त्यांनीच केला. माझं मत विचाराल तर यंत्राला ती चाल शोभते, कारण कुठल्या फ्लॉपवर, कुठल्या हातांनी, किती वेळा, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपण ती लावतो ती बहुधा शांत बसवत नाही म्हणून.

पुस्तकी गणितातलंही सगळंच मी घेत नाही. अर्ध्या पॉटाएवढी बोली आली तर तीनातले दोन हात धरून ठेवा, नाही तर समोरचा नुसत्या थापांवर खाईल, असं एक गणित आहे. ते थापा मारणाऱ्यांसाठी. गुरुजींनी रिव्हरवर मोठी बोली लावली तर त्यांच्याकडं हात असतोच. तिथं गणित बाजूला ठेवून पत्ते टाकावेत आणि मोटर बघून यावं.

हे सगळं करूनसुद्धा ब्लाइंडमध्ये माणूस हरतोच, हे मान्य करायला मला फार वेळ लागला असं नाही, पण चैन पडत नव्हतं. बिग ब्लाइंडमध्ये दर वेळी पत्ते टाकले तर शंभर डावांत शंभर ब्लाइंड जातात. चांगल्यात चांगला खेळाडू तिथं बसला तरी त्याचेही जातात, फक्त बरेच कमी. मधला जो फरक आहे ती त्याची कमाई. ती गल्ल्यात दिसत नाही. राजा-नव्वीवर बावीस गेले आणि बावन्न गेले नाहीत, हे तीस चिंचोके कोणी मोजून दाखवत नाही. बटनवर जिंकलेला पॉट सगळ्यांना आठवतो. ब्लाइंडमध्ये वाचवलेला कोणालाच नाही, वाचवणाऱ्यालासुद्धा.

दाजींना हा हिशोब इतरांपेक्षा लवकर समजला, कारण आडतीवर ते रोज समोरच्या जागेवरून बघतात. शेतकरी जूनमध्ये पेरून मोकळा होतो. बियाणं, खत, फवारणी, काढणी, दर टप्प्याला तो पैसे घालत जातो, आणि बाजार बोलतो दिवाळीच्या तोंडाला, सगळ्यात शेवटी. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. पोतं ट्रॅक्टरमधून उतरलेलं, परत नेण्याचं भाडं वेगळं. अशा वेळी गप्प बसता येणं ही चैन असते. शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी, आणि तेवढे दिवस "बघू" म्हणता येतं. म्हणजे चेकच. भाव वाढेलच असं नाही, पण आजच बोलायची सक्ती टळते.

ही तुलना मी फार ताणत नाही, कारण ती एका जागी तुटते. पोकरमध्ये चकती फिरते. आज दाजी बटनवर, सहा डावांनी पुन्हा तेच, मधल्या पाच डावांत आम्ही सगळे. वाईट जागेचं भाडं प्रत्येकाला सारखं पडतं, म्हणून तो खेळ आहे. सोयाबीनवाल्याची चकती माझ्या आज्ज्यापासून त्याच घरात आहे. दाजींना हे बोललो तर ते म्हणाले, "मंग काय आमी तुमच्या जाग्यावर बसावं का?" मी हो म्हणालो. त्यांनी पत्ते पिसायला घेतले.

चकती फिरत असली तरी कोण कोणाच्या शेजारी बसतो हे रात्रभर कायम राहतं, आणि खरा डाव तिथं असतो. बोली डावीकडं फिरते. म्हणजे सतत वाढवणारा माणूस तुमच्या उजव्या हाताला हवा. मग तो बोलल्यावर तुम्ही बोलता, बहुतेक डावांत. डाव्या हाताला असेल तर रात्रभर तो तुमचं ऐकून बोलणार. फ्लॉपनंतर आधी कसं बोलावं याच्या हजार युक्त्या शिकण्यापेक्षा बसताना चार पावलं पलीकडं जाऊन बसलेलं बरं. आमच्यात वाढवणारे दाजी. त्यांच्या डाव्या हाताची जागा गुरुजींनी पहिल्यापासून धरलेली. का, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाठीला भिंत लागते, असं ते सांगत. लवकर येऊन तिथं उपरणं टाकून ठेवत, आणि मग विहिरीकडं चक्कर मारायला जात.

पुतण्यानं ते ओळखलं. तेव्हापासून बसायच्या आधी प्रत्येकानं गड्डीतून एक पत्ता काढायचा आणि त्याप्रमाणं जागा घ्यायची, असा नियम झालाय. गुरुजींना तो मान्य नाही. परवा त्यांना पंजी आली, दाजींच्या उजव्या हाताला बसावं लागलं, आणि फ्लॉप उघडायच्या आधीच म्हणाले, "चेक."